उतारावर थांबलेली ट्राम

बाबा,

तुमच्या बेसण्याला, म्हणजे तुम्ही गेल्यावर भेटायला येणाऱ्यांच्या बैठकीला, किती माणसं आली ते आधी सांगते. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न हाच विचारला असतात, की एवढ्या लोकांना चपला काढायला जागा होती का. नव्हती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या होत्या आणि चपला जिन्यापासून पार गेटबाहेर गेल्या होत्या. आपल्या समा भागातल्या लोकांना वाटलं, कोणी पुढारी गेला की काय. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी मला विचारलंसुद्धा, "तमारा पप्पा शेमां हता?" मी म्हटलं, "रेल्वेत. फिटर होते." त्यांनी परत एकदा त्या चपलांकडे पाहिलं.

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधले तुमचे सगळे जुने लोक आले होते. काहींना मी ओळखलंही नाही. तुमच्याबरोबर सायकलवरून शॉपमध्ये जाणारी, काळे केस चापूनचोपून बसवलेली माणसं माझ्या डोक्यात आहेत. ही सगळी काठी टेकत, मुलांच्या स्कूटरवर मागे बसून आलेली म्हातारी माणसं. रमणभाई आले. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, तरी खुर्ची नको म्हणाले आणि सतरंजीवर बसले. मग माझा हात धरून म्हणाले, "बेन, एमणे पास करेली गाडीमां हुं मारां छोकरांने आंख मींचीने बेसाडतो."

तुम्ही ब्रेक बघून पास केलेल्या गाडीत हा माणूस आपल्या मुलांना डोळे मिटून बसवायचा. तो स्वतः त्याच शॉपमध्ये काम करत होता, म्हणजे आत काय चालतं हे त्याला चांगलं माहीत होतं. बाबा, त्या क्षणी मला रडू आलं नाही. मी पदर सारखा केला आणि ताठ बसले. सगळ्या बडोद्याने बघावं, मी कोणाची मुलगी आहे ते.

आता भांडणाचं.

आपलं भांडण अर्धं राहिलं. माझ्याकडून राहिलं. ते इथे पुरं करते, कारण तुम्हाला मधे बोलता येणार नाही आणि मला यापेक्षा सोयीची वेळ कधी मिळाली नव्हती.

भांडण नानांच्या ट्रामवरून होतं. तुमचे वडील, आमचे नाना, मुंबईत ट्रामचे ड्रायव्हर. मी त्यांना फार थोडं पाहिलं. पाणीगेटच्या त्या दोन खोल्यांत खिडकीशी बसलेले, पायात जाड मोजे, कोणी आलं की उगाच उभे राहायचे. ट्राम बंद झाल्या आणि ते तुमच्या मामांच्या ओळखीने बडोद्याला आले, एका गोदामात लागले. त्यांच्या तोंडून ट्राम हा शब्द मी ऐकलेला नाही. जे ऐकलं ते तुमच्याकडून. सुट्टीच्या दिवशी ते तुम्हाला ड्यूटीवर न्यायचे. तुम्ही पुढच्या बाजूला, त्यांच्या अगदी मागच्या बाकाच्या टोकाला बसायचात. शेवटचा थांबा आला की ट्राम वळत नसे. नाना हँडल काढून हातात घ्यायचे आणि चालत दुसऱ्या टोकाला जायचे, कंडक्टर दोरी ओढून वरचा दांडा फिरवायचा, आणि तुम्ही एकेका बाकाची पाठ धरून उलटी करायचात. खाड, खाड, खाड. मागचं पुढे, पुढचं मागे. हे सांगताना तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या खुर्च्यासुद्धा हलवून दाखवायचात. आई म्हणायची, "अहो, आमटी."

आणि मग ती गोष्ट यायची. पावसाळ्यातली दुपार. ट्राम पुलाच्या उतारावरून खाली येत होती. माणसांनी भरलेली, रूळ ओले. पुढे एका हातगाडीवाल्याचं चाक रुळाच्या खाचेत अडकलेलं. गाडीवर कापडाचे गठ्ठे, त्यामुळे ती उचलेना. माणूस पाठमोरा, वाकून चाक ओढतोय. त्याला मागून येणारी ट्राम दिसतच नव्हती. नानांनी ब्रेकचं हँडल गरागरा फिरवलं. तुम्ही उभे राहून हाताने दाखवायचात, सगळं अंग त्यात घालून. ट्राम किंचाळली, बाया-बापड्या एकमेकांवर पडल्या, आणि ट्राम थांबली. त्या माणसाच्या पाठीपासून चार बोटांवर.

"चार बोटं," तुम्ही म्हणायचात आणि अंगठा दुमडून हात पुढे धरायचात.

लहानपणी मी ती चार बोटं धरून बघायचे. मग मी फिजिक्स शिकले.

तो दिवस तुम्हीही विसरला नसणार. मी नुकतीच शाळेत लागले होते, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होते, आणि जगातल्या सगळ्या गोष्टी मला फळ्यावर सोडवता येत होत्या. माझ्या सासरची मंडळी पहिल्यांदाच जेवायला आली होती. श्रीखंड होतं. तुम्ही रंगात येऊन ट्रामची गोष्ट सांगितलीत, माझे सासरे अगदी घास हातात धरून ऐकत होते. आणि मी, कशाला कोण जाणे, म्हटलं, "बाबा, हे शक्य नाही."

"काय शक्य नाही?"

"ओले रूळ, लोखंडावर लोखंड. घर्षण जवळजवळ नसतंच. उतार, एवढं वजन. ब्रेक दाबला की चाकं थांबतील, पण ट्राम घसरत राहील. तुमची ट्राम त्या हातगाडीच्या पार पुढे जायला पाहिजे."

मी चक्क कागद घेतला. पाहुण्यांच्या समोर. वजन अंदाजे धरलं, उतार धरला, वेग अगदी कमी धरला, तुमच्यावर उपकार केल्यासारखा. उत्तर तुमच्यासमोर सरकवलं. सगळे हसले. माझे सासरेही हसले.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "नानांनी पाय दाबला होता."

"घंटेवर?"

"हो. पायाखाली घंटा असते. पण घंटा वाजली नाही. मी तिथे होतो. पाय दाबला, घंटा वाजली नाही, आणि ट्राम थांबली."

"बघा म्हणजे," मी म्हटलं. "घंटा वाजलीच नाही, तर पाय दाबला कशावरून? नऊ वर्षांच्या पोराची आठवण, बाबा. चार फुटांची चार बोटं होतात."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. म्हणालात, "तू मोज. मी पाहिलंय." आणि वाटीतलं श्रीखंड तसंच ठेवून हात धुवायला गेलात.

आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, त्याचं मला काही वाटलं नाही. आपल्या घरात अबोले काय, येतात आणि जातात. मला लागलं ते नंतरचं. तुम्ही ती गोष्ट माझ्यासमोर सांगणं सोडलंत. कोणी पाहुणा म्हणाला, "काका, ती ट्रामची सांगा ना," तर तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचात, "परीक्षक बसलीय." लोक हसायचे. मीही हसायचे. एकदा मी जिना चढत होते आणि दारातून तुमचा आवाज येत होता, "...हातगाडीचं चाक रुळात अडकलेलं..." मी आत आले आणि तुम्ही थांबलात. विचारलंत, "पाणी देऊ का?"

इतकी वर्षं, बाबा. माझ्या मुलीला ती गोष्ट मी घरात नसताना ऐकावी लागली.

आणि गंमत बघा. मी ज्या ब्रेकबद्दल तुम्हाला शहाणपण शिकवत होते, तो तुम्ही रोज हाताळत होतात. प्रतापनगरच्या छोट्या, नॅरोगेज गाडीचे डबे तुमच्या हाताखालून जायचे. तुम्ही हातोडीने टकटक करायचात, कान लावायचात, ब्रेकचा ठोकळा चाकाला कुठे टेकतो आणि कुठे नाही ते बोटाने चाचपायचात. नखांतलं काळं कधी गेलं नाही. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा अक्षता टाकणाऱ्या तुमच्या हाताची नखं काळी आहेत. फोटोग्राफर म्हणाला, "साफ करून देऊ का कम्प्युटरवर?" मी नको म्हटलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. म्हणजे तुम्हाला कळावं, की मी एवढीही वाया गेलेली नव्हते.

मागच्या थंडीत आईचा फोन आला. "कोलकात्यातल्या ट्राम बंद होणार असं पेपरात आलंय. यांनी ते कात्रण काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. बोलत काही नाहीत. नेणार असशील तर आत्ताच ने." तुमच्या हृदयाचं डॉक्टरांनी सांगून झालं होतं. आईच्या आवाजात ते होतं, शब्दांत नव्हतं.

तुम्ही अर्थातच नाही म्हणालात. "मी ट्राम बघितलेली आहे. आता काय बघायचं?" मी तिकिटं काढली. आई गुडघ्यांमुळे येणार नव्हती. तुम्ही बॅग भरायला तीन दिवस घेतलेत आणि त्यात दोन इस्त्रीचे पांढरे शर्ट ठेवलेत, जसे कोणाच्या मुंजीला निघाला आहात.

बडोद्यापासून कोलकात्यापर्यंत आपण दोघंच, असा प्रवास आयुष्यात पहिला. आणि शेवटचा. आईने दिलेले ठेपले आणि लीलो चिवडा आपण नागपूर यायच्या आधीच संपवला. प्रत्येक स्टेशनवर गाडी थांबायला लागली की तुम्ही मान तिरकी करून ऐकायचात. एकदा गाडी अगदी हळुवार, पाण्यात बोट थांबावी तशी थांबली. तुम्ही समोरच्या अनोळखी बाईंना म्हणालात, "कोणी तरी मन लावून काम किया है।" त्यांना वाटलं तुम्ही ठेपल्यांबद्दल बोलताय. त्या म्हणाल्या, "जी, बहुत अच्छे थे।"

धर्मतल्ल्याच्या थांब्यावर ट्राम उभी होती. मला ती जुनाट, पत्र्याची, रंग उडालेली दिसली. तुम्हाला काय दिसलं मला माहीत नाही. तुम्ही चप्पल झटकलीत. खरंच. देवळात शिरताना पायरीशी करतात तशी. पायरी उंच होती, मी हात पुढे केला, तुम्ही तो घेतला नाहीत. वरचा दांडा धरून एका झटक्यात वर गेलात आणि वर उभं राहून मला हात दिलात.

आत बाकं रिकामी होती. तुम्ही बसला नाहीत. ड्रायव्हरच्या मागे, डावा पाय थोडा पुढे टाकून उभे राहिलात. कंडक्टर दोनदा म्हणाला, "दादू, बोशुन." तुम्ही मान हलवलीत. ट्राम हलली. खालून तो आवाज आला, घरघर आणि मधेच लांब कण्हल्यासारखा, आणि ड्रायव्हरने पाय दाबला, टण् टण्. तुम्ही डोळे मिटलेत. वळणावर सगळे एका बाजूला कलले, मी कुठलं तरी कडं पकडलं. तुम्ही दांडा सोडून उभे होतात, आणि वळण येण्याच्या अर्धा क्षण आधी तुमचं अंग दुसऱ्या बाजूला झुकलेलं होतं. साठ वर्षांनी. ते शरीराला कसं लक्षात राहतं, हे माझ्या कुठल्याही पुस्तकात नाही.

आपण तीन फेऱ्या केल्या. जायचं, यायचं, परत जायचं. तिसऱ्या फेरीला कंडक्टरने तिकीट मागितलं नाही. रस्त्यावरच्या गाड्या आपल्याला ओलांडून पुढे जात होत्या, हॉर्न मारत होत्या, एक रिक्षा तर अगदी नाकासमोरून आडवी गेली. मला राग आला. तुम्ही म्हणालात, "वाजवू देत. आपल्याला कुठे घाई आहे?" मला आठवत नाही, त्याआधी तुम्ही मला 'आपल्याला' कधी म्हणाला होतात.

तिसऱ्या फेरीच्या शेवटी ट्राम उभी राहिली आणि ड्रायव्हर जेवणाचा डबा उघडून बसला. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. तुम्ही त्याच्यासमोर जाऊन तुमच्या त्या खास हिंदीत म्हणालात, "हमारे फादर ट्राम चलाते थे। बॉम्बे में।"

त्याने डबा बंद केला. रुमालाला हात पुसले आणि उभा राहिला. म्हणाला, "आइए। इधर खड़े होइए।" आणि आपली जागा तुम्हाला दिली.

तुम्ही ब्रेकच्या हँडलवर हात ठेवलात. ते फिरवलं नाहीत. नुसता हात ठेवलात. मग गोष्ट सांगायला लागलात. मधेच माझ्याकडे पाहिलंत, अडखळलात. मला वाटलं, आता पाणी विचारतात. मी मान वळवून बाहेर पाहायला लागले, म्हणजे तुम्हाला बोलता यावं. उतार, ओले रूळ, हातगाडी, गठ्ठे. चार बोटं.

ड्रायव्हरने शंका घेतली नाही. त्याने नुसतं विचारलं, "बालू मारा होगा?"

"बालू?"

"रेत। बारिश में पटरी पर रेत गिराते थे न। नहीं तो गाड़ी कहाँ रुकती है।" त्याने पायाने खालची जागा दाखवली. "हमारे पुराने लोग बताते थे। घंटी का अलग, रेत का अलग। पाँव से दबाओ, पहिये के आगे रेत गिरती थी।"

बाबा, तुमचा चेहरा मी बघितला. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. तुम्ही खाली, ड्रायव्हरच्या पायाकडे बघत होतात. अगदी हळू, मराठीत म्हणालात, "पाय दाबला होता. घंटा वाजली नाही."

नऊ वर्षांच्या पोराने जे पाहिलं, ते जसंच्या तसं सांगितलं होतं. त्याचा अर्थ त्यालाही माहीत नव्हता. अर्थ माहीत नाही म्हणून त्याने ते गाळलं नाही, स्वतःच्या पदरचं काही घातलं नाही. मी मुलांना प्रयोगशाळेत हेच तर शिकवते. दिसलं ते लिहा. समजलं नाही तरी लिहा. आणि ते ज्याने आयुष्यभर केलं, त्याला मी चार लोकांत खोटं पाडलं होतं.

त्याच वेळी म्हणायला हवं होतं. शब्द सोपे होते, "बाबा, माझं चुकलं." ड्रायव्हरच्या देखत म्हणायला हवं होतं, कारण मी चुकले होते तेही लोकांच्या देखतच. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "चला, उशीर होतोय." कुठे उशीर होत होता? आपल्याला कुठे जायचं होतं?

नंतर आपण मैदानाच्या कडेला बाकावर बसलो. कागदाच्या पुड्यात झालमुडी होती, तिथली सुकी भेळ. तुम्ही एकेक शेंगदाणा वेचून खात होतात. शेंगदाणे संपल्यावर म्हणालात, "त्या दिवसाचं पुढचं मी घरात कधी बोललो नाही."

मी तुमच्याकडे वळून बसले.

"ट्राम थांबली तसा तो हातगाडीवाला मागे वळला. त्याला कळलंच नाही काय झालं ते. त्याने नानांना आईवरून शिवी दिली. नाना खाली उतरले. मला वाटलं, आता मारामारी. नानांनी त्याच्या गाडीला हात लावला, दोन-तीन पॅसेंजर उतरले, सगळ्यांनी मिळून चाक काढलं. नाना परत वर चढले. ड्यूटी पुरी केली. चाळीत आल्यावर हातपाय धुवायला नळावर गेले. मी टॉवेल घेऊन उभा होतो. नळ चालू ठेवला आणि रडायला लागले. एवढा मोठा माणूस. हुंदके देऊन. म्हणाले, अरे, त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता मला. मग तोंड धुतलं, टॉवेल घेतला आणि म्हणाले, घरी बोलू नकोस."

तुम्ही पुडा चुरगाळून खिशात टाकलात. रस्त्यावर टाकायची तुमची सवय नव्हती.

"ट्राम थांबवली ते ठीक आहे. ते त्यांचं कामच होतं," तुम्ही म्हणालात. "पण असं रडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच उतारावरून गाडी नेली. मी मागे बसलेलो होतो. मुद्दाम हट्ट करून गेलो होतो. मला बघायचं होतं, नेतात की नाही."

"मग?"

"नेली. उतार संपेपर्यंत दोन्ही हात ब्रेकवर होते. पण नेली."

मग तुम्ही तुमचे स्वतःचे हात बघत बसलात. मला प्रश्न विचारायचा होता. विचारायचं होतं, की तुम्ही ब्रेकच्या कामाला लागलात ते योगायोगाने, की मागून घेतलंत? इतकी वर्षं हातोडी घेऊन डब्याखाली शिरताना तुम्हाला ती मान दिसायची का? मी विचारलं नाही. मी चहा आणायला गेले. मातीच्या कुल्हडातला चहा तुम्हाला आवडला. दोन घेतलेत.

बडोद्याला आल्यावर मी एका दुपारी शाळेच्या स्टाफरूममध्ये तेच गणित पुन्हा मांडलं. तेच वजन, तोच उतार, तोच वेग. फक्त रुळावर वाळू. ट्राम थांबली, बाबा. हातगाडीच्या अलीकडे थांबली. चार बोटांवर की चार हातांवर ते गणित सांगत नाही. ते तुम्ही सांगितलंत आणि आता मला ते पुरेसं आहे. तो कागद मी पर्समध्ये ठेवला, रविवारी समाला येईन तेव्हा दाखवायचा म्हणून. रविवारी तुम्ही सेव-उसळ मागवली होती, माझी मुलगी आली होती, पंखा आवाज करत होता म्हणून तुम्ही स्टुलावर चढायला निघालात आणि आपण सगळ्यांनी आरडाओरडा केला. राहून गेलं. पुढच्या रविवारी म्हटलं पुढच्या रविवारी. माणूस समोर असला की वाटतं, कागदाला कुठे पाय फुटणार आहेत.

तुमच्या शेवटच्या सकाळबद्दल लिहीत नाही. ते आईचं आहे.

पण बेसण्याला, रमणभाईंचं बोलून झाल्यावर, माझे सासरे म्हणाले, "त्यांची ती ट्रामची गोष्ट..." आणि माझ्याकडे पाहून थांबले. त्यांनाही सवय झाली होती. मग मी उठले, बाबा. पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर, मी ती गोष्ट सांगितली. उतार, ओले रूळ, हातगाडी. पाय दाबला, घंटा वाजली नाही. वाळू कशी पडते ते सांगितलं. माझी चूक सांगितली. आणि अंगठा दुमडून हात पुढे धरला. रमणभाई म्हणाले, "बराबर. रेती विना ना ऊभी रहे." तुमच्या शॉपच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. त्यांच्यातल्या कोणालाही विचारलं असतं तरी मला उत्तर मिळालं असतं. मी कधी प्रतापनगरला जाऊन विचारलंच नव्हतं.

नळावरचं मात्र मी सांगितलं नाही. ते तुम्ही मला एकटीला दिलं होतं.

तेरावा झाला, माणसं गेली. आई आणि मी पुढच्या खोलीत मेथी निवडत बसलो होतो. मला राहवेना. ती तुमची बायको. तिला माहीत नसलेलं तुमचं काही माझ्याकडे असावं, हे मला बरं वाटेना. मी म्हटलं, "आई, तुला एक सांगायचंय. बाबा कोणाला बोलले नव्हते. नाना त्या दिवशी घरी येऊन..."

"नळावर रडले," आई म्हणाली. जुडीतून मान वर न काढता.

"तुला कधी सांगितलं?"

"मला बघायला आले तेव्हा."

"पहिल्याच भेटीत?"

"मोठी माणसं आत पोहे खात होती. आम्हाला पाच मिनिटं गॅलरीत सोडलं. त्याआधी दोघं येऊन गेले होते. एक स्वतःच्या बॉसबद्दल बोलत होता, दुसरा त्याच्या मोटरसायकलबद्दल. हे आले, आणि म्हणाले, माझे वडील मुंबईत ट्राम चालवायचे. म्हटलं, झालं, आता हेही फुशारकी मारणार. तर हे सगळं सांगितलं. हातगाडी, चार बोटं, आणि मग नळ. वडील कसे रडले ते मान वर करून सांगत होते, जसं काही पदक मिळालंय. शेवटी म्हणाले, नानांनी बजावलंय, हे घरी बोलायचं नाही."

"मग तुला कसं सांगितलं?"

आईने मेथीची काडी मोडली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा ती हसली.

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, तुम्ही अजून घरच्या कुठे झालात?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? आत गेले आणि वडिलांना सांगितलं, हाच मुलगा."